मराठवाड्यात धावायचं कुठे? ऋतू, वेळ आणि माती बघून रस्ता निवडण्याची पद्धत

धावायला सुरुवात करणारा माणूस आधी बूट बघतो, मग मोबाइलमधलं ॲप, आणि शेवटी घराबाहेर पडून समोर दिसेल त्या रस्त्याने पळायला लागतो. आपल्याकडे हा क्रम महागात पडतो. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की काळ्या रानातली वाट पाय उचलू देत नाही. सप्टेंबरात निवांत असलेल्या रस्त्यावर नोव्हेंबरात ऊस निघाला की रात्रंदिवस ट्रॅक्टर चालू होतात. म्हणून वर्षभरासाठी एकच रस्ता धरून बसू नका. उन्हाळ्याचा, पावसाळ्याचा आणि हिवाळ्याचा असे तीन हाताशी ठेवा, आणि ज्या वेळी धावणार त्याच वेळी जाऊन प्रत्येक रस्ता आधी बघून या.

पहिली काट महामार्गावर

यादी करण्याआधी महामार्ग खोडून टाका. धुळे-सोलापूर महामार्ग संभाजीनगर, बीड, धाराशिव जिल्ह्यांतून जातो, तुळजापूर-नागपूर महामार्ग लातूर, नांदेडवरून. त्यांच्या कडेला असलेल्या गावांतली मुलं पहाटे तिथेच पळतात, आणि त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. रस्ता गुळगुळीत असतो, चिखल नसतो, आणि किलोमीटरचे दगड रोवलेले असल्यामुळे अंतर मोजायला सोपं जातं. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, त्यामुळे मोजलेला रस्ता सगळ्यांनाच हवा असतो. पण जानेवारी २०२५ मध्ये बीड-परळी रस्त्यावर घोडका राजुरीजवळ भरतीच्या सरावाला निघालेली तीन तरुण मुलं बसखाली सापडून गेली. हे अपवादाने घडलं असं मानू नका. पहाटेच्या वेळी रात्रभर गाडी हाकलेल्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर झापड असते, समोरच्या गाडीच्या दिव्याने त्याचे डोळे दिपलेले असतात, आणि गडद ट्रॅकसूट घातलेला पोरगा त्याला अगदी जवळ आल्यावरच दिसतो. पांढऱ्या पट्टीच्या आत राहून यातलं काहीही बदलत नाही.

सर्व्हिस रोड त्याहून बरा, पण फार नाही. तिथे दुचाक्या उलट्या दिशेने येतात आणि ढाब्यांपुढे ट्रक आरसा न बघता मागे घेतात. समृद्धी महामार्गावर तर पायी जायला मुळात परवानगीच नाही.

महामार्गाला लागून घर असेल तर तो चालत ओलांडा आणि धावायला आतल्या अंगाला लागा. कुठल्याही वाहत्या रस्त्यावर धावायचं तर उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने. पाठीमागून येणाऱ्या वाहनाच्या भरवशावर राहायचं नाही, आणि रस्त्यावर दोन्ही कानांत इअरफोन तर मुळीच नको.

दोन-तीन किलोमीटरच्या आत काय काय आहे

आता कागद घ्या, किंवा मोबाइलवर गुगल मॅपचं उपग्रहाचं चित्र उघडा, आणि घरापासून चालत किंवा सायकलने जाता येईल तेवढ्या टापूत काय आहे ते टिपा. जिल्हा क्रीडा संकुल, कॉलेजचं किंवा जिल्हा परिषद शाळेचं मैदान, विद्यापीठाचे आतले रस्ते, नवीन लेआउटमधले रिकामे रस्ते, तलावाचा बांध, कालव्याचा रस्ता, पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी गाडीवाट. बहुतेकांना यातली दोन-तीन ठिकाणं तरी सापडतात. रोज जाणं-येणं नको म्हणून लांबची चांगली जागा सोडून जवळची बरी जागा घेतलेली उत्तम. मोटारसायकलवर बसून धावायला जाणारा माणूस पंधरा दिवसांत कंटाळतो.

शहरात विद्यापीठांचे परिसर हे आपल्याकडचं मोठं सुख. संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा परिसर लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथे झाडी आहे, चढ-उतार आहे आणि पहाटे माणसांची वर्दळ असते. चढाचा सराव हवा त्यांच्यासाठी गोगाबाबा टेकडी जवळच, पण अंधारात ती एकट्याने करू नये. परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे रस्ते लांब आणि सपाट आहेत, शेतांच्या मधून जातात. एक सूचना तिथली: डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यातली कडाक्याची थंडी पुष्कळदा परभणीतच नोंदली जाते, तेव्हा उघड्या रानातून जाणाऱ्या रस्त्यावर कानटोपी लागतेच. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ विष्णुपुरीला, म्हणजे शहरापासून थोडं लांब, त्यामुळे ते सिडको, विष्णुपुरी भागातल्यांच्या सोयीचं. आत जायच्या वेळा आणि नियम बदलत असतात, म्हणून गेटवर एकदा विचारून घ्या.

क्रीडा संकुलातला ४०० मीटरचा ट्रॅक भरतीवाल्यांना वरदान आहे, कारण चार फेऱ्या झाल्या की १६०० मीटर पूर्ण. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्यासाठी मात्र मला ट्रॅक फारसा पटत नाही. एकाच दिशेने सतत वळत राहिलं की आतल्या बाजूच्या पायावर ताण येतो, आणि डोकंही विटतं. आठवड्यातून एक-दोनदा वेगासाठी ट्रॅक, बाकी दिवस रस्ता.

कालव्याच्या रस्त्याबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण तो फार जणांना सुचत नाही. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघून २०८ किलोमीटर जातो, थेट परभणी जिल्ह्यापर्यंत, आणि उजवा बीड जिल्ह्यातून. कालव्याला उतार अगदी नावापुरता असतो, म्हणून कडेचा रस्ताही जवळजवळ सपाट, बहुतेक मुरमाचा, आणि जड वाहनं कमी. धावायला याहून चांगली जमीन मिळत नाही. अडचणी दोन आहेत. पाण्याची पाळी सुटलेली असताना अस्तर केलेल्या कालव्याच्या काठावर जाऊ नका. सिमेंटच्या उतारावर पाय घसरला तर पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही. आणि पाझरामुळे काही ठिकाणी बारमाही ओल आणि गवत असतं, तिथे सापाचा वावर धरूनच चालायचं.

ज्या वेळी धावणार, त्याच वेळी जाऊन बघा

संध्याकाळी सहाला बघितलेला रस्ता पहाटे पाचला वेगळाच असतो. यादीतल्या प्रत्येक रस्त्यावर एकदा नेमक्या त्या वेळी सायकलने किंवा चालत जाऊन या. धावू नका, फक्त बघा.

सगळ्यात आधी बघायचं, त्या वेळी रस्त्यावर काय पळतं. दूधवाल्यांच्या मोटारसायकली पाचपासून सुरू होतात, पण त्या दिसतात, ऐकू येतात. गोदाकाठच्या गावांत वाळूचे हायवा ट्रक ही वेगळीच गोष्ट. चोरटी वाहतूक उजाडायच्या आत आटोपायची असते, त्यामुळे अरुंद रस्त्यावरही त्यांचा वेग भीतीदायक असतो. ज्या रस्त्यावर पहाटे ओल्या वाळूचे ओघळ दिसतील तो रस्ता यादीतून काढा. खडी केंद्राकडे जाणाऱ्या रस्त्याचंही तेच, वर धूळ वेगळी. वाळूज, शेंद्र्यासारख्या एमआयडीसीत रस्ते रुंद आणि दिवे चांगले असतात, रविवारी ते झकास. इतर दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळेला कंपन्यांच्या बस आणि घराकडे सुसाट निघालेल्या दुचाक्या. जालन्याकडे स्टीलच्या कारखान्यांच्या भागात वाऱ्याची दिशा बघा, धूर आपल्या अंगावर येत असेल तर अंतर राखलेलं बरं.

दुसरं, माणसं. वर्दळ असलेला रस्ता आणि वाहनं असलेला रस्ता यांत फरक करा. फिरायला निघालेले आजोबा, उघडं चहाचं दुकान, मंदिरात निघालेल्या बायका, आखाड्यावरून (शेतातल्या गोठ्यावरून) धार काढून परतणारा शेतकरी, अशी माणसं अधूनमधून भेटणारा रस्ता सुरक्षित. एक नाजूक गोष्टही सांगून ठेवतो. काही गावांत वेशीबाहेरची एखादी वाट पहाटे अजूनही बायकांच्या जाण्याची असते. तिकडे पुरुषांनी बूट वाजवत पळू नये. गावात कुणालाही विचारा, कोणती वाट सोडायची ते लगेच कळतं.

तिसरं, उजेड आणि नेटवर्क. लोडशेडिंगच्या वेळेत पथदिवे जातात, म्हणून दिवे आहेत एवढं बघून निश्चिंत होऊ नका. डोक्याला बांधायची बॅटरी घ्या, ती खड्डा दाखवते आणि समोरच्यालाही आपण दिसतो. रस्त्यात कुठे मोबाइलची रेंज जाते ते लक्षात ठेवा.

पायाखाली काय आहे

मराठवाड्यात जमिनीचा प्रश्न काळ्या मातीपाशी येऊन थांबतो. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांमध्ये अख्खं पाऊल जाईल इतकी जागा असते, आणि वरून पालापाचोळा असला की भेग दिसतही नाही. घोटा मुरगळण्याची ही हमखास जागा. पावसाळ्यात तीच माती बुटाच्या तळाला थर देत जाते आणि प्रत्येक पाय एकेक किलोचा होतो. म्हणून रानातली नुसती मातीची वाट धावायला घेऊ नका, ती कितीही मऊ वाटली तरी. मुरूम टाकून दाबलेली पांदण मात्र पहिल्या पसंतीची: गुडघ्याला सोपी, पाणी झिरपून जातं, पाय रुतत नाही.

त्याखालोखाल डांबरी. सिमेंटचे रस्ते आता गल्लीबोळांत झालेत, पण ते सगळ्यात कडक. नवशिक्यांना नडगी दुखायला लागते ती पुष्कळदा इथेच, कारण वेग आणि अंतर एकदम वाढवलेलं असतं आणि वर सिमेंट. दुसरा पर्याय नसेल तर अंतर कमी ठेवा. डांबरी रस्त्याच्या कडेला उतार असतो, एकाच कडेने रोज धावलं तर एक पाय कायम खाली राहतो. रहदारी नसलेल्या रस्त्यावर मधोमध धावा.

तलावाच्या बांधावर, पडीक जमिनीवर सराटे आणि बाभळीचे काटे असतात. पातळ तळाच्या बुटातून बाभळीचा काटा आरपार येतो. दिवाळीनंतर कुसळी गवत वाळतं आणि मोज्यांत घुसतं, तेवढा काळ गवताळ वाट सोडा.

उन्हाळा: सावलीपेक्षा वेळ मोठी

हवेचं तापमान दिवसातलं सगळ्यात कमी सूर्योदयाच्या सुमारास असतं. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत धावणं सूर्य उगवण्याआधी सुरू करून उगवल्यावर अर्ध्या-पाऊण तासात संपलं पाहिजे. नांदेडला संभाजीनगरपेक्षा सूर्य सुमारे आठ मिनिटं आधी उगवतो, दोन रेखांशांचा हा फरक. नांदेडकरांनी गजर तेवढा आधीचा लावावा.

संध्याकाळी ऊन उतरलं म्हणून निघणाऱ्यांची फसगत होते. डांबर आणि सिमेंट दिवसभर ऊन पीत राहतात आणि रात्री उशिरापर्यंत ते बाहेर टाकतात. सातला सूर्य नसतो, पण रस्ता खालून भाजत असतो. संध्याकाळीच जमत असेल तर इमारतींच्या मधला रस्ता टाळून मोकळं मैदान किंवा मुरमाची वाट घ्या, ती लवकर निवते.

आपल्याकडचं ऊन कोरडं. घाम अंगावर राहत नाही, लगेच उडतो, त्यामुळे किती पाणी गेलं याचा अंदाजच येत नाही. यावर रस्त्याच्या आखणीतच उपाय करता येतो. उन्हाळ्यात लांब जाऊन परत येण्याचा रस्ता घ्यायचा नाही. घर, मंदिर किंवा हातपंप मध्ये धरून दीड-दोन किलोमीटरची फेरी आखा आणि ती हवी तितक्यांदा मारा. पाणी दर फेरीला मिळतं आणि चक्कर आली तर घर जवळ असतं. धावताना एकदम थंडी वाजली, तोल गेला, बोलणं अडखळलं तर ती उष्माघाताची खूण. सावलीत बसा, अंगावर पाणी ओता आणि १०८ ला फोन करायला सांगा. राहिलेलं अंतर पूर्ण करायच्या नादी लागू नका.

पावसाळा आणि विजा

पावसाळ्याचा रस्ता कॉलनीतला, क्रीडा संकुलातला किंवा पक्क्या डांबराचा. सिमेंटवर भिंतीच्या सावलीत शेवाळ धरतं, वळणावर जपून. ओढ्यावरच्या नळकांडी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं असलं तरी परत फिरा, कारण खालचा भराव वाहून गेलेला वरून दिसत नाही.

विजेचा धोका आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मेच्या वळिवाच्या पावसात, आणि परतीच्या पावसात जास्त. दोन्ही वेळा वेळ दुपारनंतरची, म्हणजे संध्याकाळी धावणाऱ्यांची. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला तर पक्क्या छताखाली जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. एकट्या झाडाखाली, तलावाच्या बांधावर, टेकडीवर थांबू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं, ते मोबाइलमध्ये असू द्या.

हिवाळा: हवा छान, रस्ता वाईट

धावायला उत्तम हवा नोव्हेंबर ते फेब्रुवारीची, आणि गाळप हंगामही त्याच दिवसांत. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, बाजूने बाहेर आलेली उसाची टोकं, मागे दिवा नाही, आणि खड्ड्यात दुसरी ट्रॉली हेलकावते. कारखान्याकडे जाणारा प्रत्येक रस्ता या महिन्यांत अंधारात वर्ज्य समजा. बैलगाड्यांचा त्रास नाही, पण त्यांच्यामागे अडकलेली जीप ओव्हरटेक करताना थेट तुमच्या अंगावर येते. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा पहाटे पाचचा हट्ट सोडून साडेसहाला निघालं तर निम्मे धोके आपोआप टळतात.

कुत्री, साप आणि करंट

गावातल्या कुत्र्यांपेक्षा आखाड्यावरची आणि मेंढपाळांची कुत्री जास्त राखणदार. ती आपली हद्द राखतात, म्हणून त्यांची हद्द कुठून सुरू होते ते पहिल्याच पाहणीत लक्षात ठेवा आणि तेवढं अंतर चालत जा. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, थांबा, नजर रोखू नका, हळूहळू बाजूने निघा. मालकाची ओळख करून घेतली की आठवडाभरात कुत्र्याचीही होते. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम वाहत्या पाण्यात साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात लस घ्या. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. पावसाळ्यात आणि सुगीत अंधाराच्या वेळी वाटेच्या मधोमध, बॅटरी लावूनच. चावा झाला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. पाय हलू न देता सरळ सरकारी दवाखाना गाठायचा.

करंटबद्दल कुणी बोलत नाही. रानडुकरांपासून पीक वाचवायला काही जण कुंपणाच्या तारेत वीज सोडतात. ते बेकायदा आहे, तरी होतं. म्हणून अंधारात रानातून आडवाट धरू नका, आणि पावसाळ्यात विजेच्या खांबाच्या ताणाच्या तारेला, लोंबत्या तारेला हात लावू नका. आष्टी, पैठण, कन्नड या भागात, आणि उसाचा दाट पट्टा असेल तिथे, बिबट्याची बातमी असेल तर उजाडेपर्यंत थांबा आणि दोघं-तिघं मिळून जा.

मुलींसाठी वेगळं थोडं

मुलींना दिले जाणारे सल्ले बहुतेक ‘जाऊ नकोस’ असेच असतात. मला विचाराल तर जागा बदलावी, धावणं सोडू नये. पहिली पसंती कंपाउंड असलेल्या मैदानाला. शाळेच्या मुख्याध्यापकांना किंवा सरपंचांना दोन-तीन पालकांनी मिळून विचारलं तर गेटची चावी मिळते. दुसरी पसंती, बायका फिरायला जातात तो रस्ता. कॉलनीतल्या चार काकूंच्या वेळेत आपली वेळ बसवली की घरच्यांचाही विरोध मावळतो. सलग रोज तोच रस्ता, तीच मिनिटं नकोत. धावण्याच्या ॲपवर आपलं घर दिसणार नाही अशी सोय असते, ती चालू ठेवा. लाइव्ह लोकेशन घरातल्या एकाला द्या. कुणी पाठलाग करत असेल तर घराकडे वळू नका, उघड्या दुकानाकडे किंवा माणसांकडे जा आणि ११२ ला फोन करा.

रस्ता पक्का करताना

ठरलेल्या रस्त्यावर पहिला आठवडा वीस-पंचवीस मिनिटंच धावा. परत फिरायच्या दोन जागा आधीच धरून ठेवा: एक बरं वाटेनासं झालं तर, दुसरी पाऊस आला तर. घरी सांगताना ‘पळून येतो’ एवढंच नको. कुठल्या रस्त्याने आणि किती वाजेपर्यंत, हे सांगा. खिशात नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, मोबाइल लॉक असला तर तीच कामाला येते.

भरतीची मुलं जिथे जास्त आहेत तिथे एक काम गावानेच करण्यासारखं आहे. गावालगतची एखादी पांदण मुरमाने पक्की झाली तर सरावाला महामार्गावर जायची गरजच राहत नाही, आणि शेतकऱ्यांना तर ती हवीच असते. राज्य सरकारची शेत-पाणंद रस्त्यांची योजना यासाठीच आहे. अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा, रस्त्यालगतच्या शेतकऱ्यांची संमती सोबत जोडायची, आणि हे सगळं दिवाळीनंतर लगेच सुरू करायचं. मुरूम पावसाळ्याआधी पडून दबला नाही तर पहिल्याच पावसात खालची काळी माती वर येते. रस्ता झाला की टेपने चारशे मीटर मोजून दोन्ही टोकांना चुन्याची खूण करा, आणि पोरांना तिकडे वळवा.